निकाल राखून ठेवा : मुंबई सिटीच्या कोचचं पहिलं वर्ष मोजायचं कसं?

नेहमीप्रमाणे मनवेलपाड्याहून, म्हणजे आपल्या विरार पूर्वेहून बोलतोय. एपिसोड ऐकताना मागे रिक्षांचे हॉर्न ऐकू आले असतील. इथे वाचणाऱ्यांची त्यातून सुटका आहे.

आज सुरुवातीलाच चार आकडे सांगतो. ५, १, ५, १.

ओटीपी नाहीये हा. मुंबई सिटी एफसी आयएसएलच्या लीग टेबलमध्ये लागोपाठ चार सीझन कितव्या नंबरवर होती, त्याचे हे आकडे आहेत. २०१९-२० ला पाचवी. २०२०-२१ ला पहिली. २०२१-२२ ला परत पाचवी. २०२२-२३ ला परत पहिली. या चार वर्षांत क्लबला तीन कोच झाले. त्यातल्या एकाचं पहिलंच वर्ष म्हणजे नुसती दिवाळी. दुसऱ्याच्या पहिल्या वर्षात आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याच्या परतीच्या तिकिटासाठी वर्गणी काढायची भाषा सुरू झाली होती. आणि हाच दुसरा माणूस पुढच्या वर्षी क्लबच्या इतिहासातला सगळ्यात भारी लीग सीझन खेळवून गेला.

म्हणजे प्रश्न असा आहे, की नव्या कोचचं पहिलं वर्ष बघून आपण नेमकं कोणाला मार्क देत असतो?

थोडी तयारी करून घेऊ. जे फक्त क्रिकेट बघतात त्यांच्यासाठी सांगतो. इंग्लंडमध्ये ज्याला ‘मॅनेजर’ म्हणतात त्याला आपल्याकडे हेड कोच म्हणायची पद्धत आहे, कारण आपल्याकडे मॅनेजर म्हटलं की ऑफिसातला आठवतो आणि मूड जातो. आयएसएलमध्ये २०२४-२५ पर्यंत दोन बक्षिसं असायची. लीगमध्ये सगळ्यात जास्त पॉइंट मिळवणाऱ्याला शील्ड मिळायची. ती २०१९-२० पासून सुरू झाली. त्यानंतर वरच्या काही टीम प्लेऑफ खेळायच्या आणि फायनल जिंकणाऱ्याला ट्रॉफी मिळायची. शील्डमध्ये सीझनभराचा हिशोब असायचा, ट्रॉफीचा फैसला शेवटच्या दोन-तीन मॅचमध्ये व्हायचा. हा फरक लक्षात असू द्या, पुढे लागेल.

पहिल्या वर्षाची पहिली फसगत

मुंबई सिटी सुरू झाली २०१४ ला. पहिल्या वर्षी कोच होते इंग्लंडचे पीटर रीड, आणि आठ टीममध्ये नंबर आला सातवा. दुसऱ्या वर्षी निकोलस अनेल्का खेळाडू आणि कोच अशा दोन्ही भूमिकांत, तेव्हा सहावा. मग २०१६ ला आले अलेक्झांडर गिमारेस. साधा माणूस नव्हे. २००२ आणि २००६ अशा दोन वर्ल्ड कपमध्ये कोस्टा रिकाच्या टीमचे ते कोच होते. त्याच वर्षी क्लब नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममधून अंधेरीच्या मैदानात आला. आपल्यासाठी ही केवढी मोठी सोय! विरारहून लोकल पकडायची आणि अंधेरीला उतरायचं. नेरूळला जाऊन परत यायचं म्हणजे अख्खा रविवार गेला.

तर गिमारेस यांनी पहिल्याच वर्षी टीमला टेबलमध्ये वर नेलं, थेट पहिल्या नंबरवर. १४ मॅचमध्ये २३ पॉइंट. सेमीफायनलला कोलकात्याच्या टीमने आपल्याला घरी पाठवलं, पण माणूस हिट ठरला. सहाव्या नंबरवरची टीम घेऊन पहिला आणतो, अजून काय पाहिजे?

पुढच्या सीझनलाही तेच कोच होते. २०१७-१८. आता लीग मोठी झाली होती, दहा टीम आणि १८ मॅच. मुंबई सिटीचे पॉइंट किती झाले? २३. चार मॅच जास्त खेळून पॉइंट तेवढेच. नंबर सातवा.

बघा, तोच माणूस आणि तोच क्लब. मग २०१६ चं कौतुक खोटं होतं का? खोटं नव्हतं, पण अपुरं होतं. १४ मॅचची लीग म्हणजे साधारण अडीच महिन्यांचा खेळ. एवढ्या छोट्या काळात दोन-तीन मॅच इकडच्या तिकडे झाल्या की पहिला नंबर सहावा होऊ शकतो आणि सहावा पहिला. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला म्हणतो सँपल साइझ लहान. घरात आजी म्हणते, एका शितावरून भाताची परीक्षा. पण आजीची ही म्हण फुटबॉलला लागू पडत नाही, कारण इथे दरवर्षी भात वेगळा असतो, पातेलं वेगळं असतं आणि कधीकधी चूलही वेगळी असते.

गिमारेस यांच्यानंतर पोर्तुगालचे जॉर्जे कोस्टा आले. गोष्ट जवळपास तशीच झाली. पहिल्या वर्षी, २०१८-१९ ला, तिसरा नंबर आणि सेमीफायनल. दुसऱ्या वर्षी पाचवा नंबर, प्लेऑफ हुकली. आपल्या चार आकड्यांमधला पहिला पाच तो हाच. आणि याच दुसऱ्या वर्षात, नोव्हेंबर २०१९ मध्ये, एक मोठी घटना घडली. मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीमध्ये ६५ टक्के हिस्सा घेतला. चूल बदलली.

लोबेरांनी आपली माणसं सोबत आणली

सर्जिओ लोबेरा हे नाव गोव्यात कोणालाही विचारा. २०१६ ला एफसी गोवा टेबलमध्ये तळाला होती. २०१७ ला लोबेरा आले आणि पहिल्याच सीझनला टीम तिसरी आली. पुढे जानेवारी २०२० च्या शेवटी गोव्याने त्यांना काढलं. तेव्हा टीम टेबलमध्ये वर होती आणि लीगच्या मोजक्याच मॅच उरल्या होत्या. उरलेलं काम क्लिफर्ड मिरांडा यांनी पूर्ण केलं आणि आयएसएलची पहिलीवहिली शील्ड गोव्याला मिळाली. रेकॉर्डमध्ये ती कोणाच्या नावावर लिहायची? इतिहासात अशा जोडनोंदी खूप असतात आणि टेबलमध्ये त्यांना रकाना नसतो.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लोबेरा मुंबईत आले. एकटे नाही आले. मधल्या फळीतला अहमद जाहू, बचावातला मुर्तादा फॉल, ह्यूगो बूमूस, आपला गोंयकार मंदार राव देसाई, असे गोव्यात त्यांच्या हाताखाली खेळलेले खेळाडू मुंबईच्या जर्सीत दिसायला लागले. म्हणजे कागदावर लोबेरांचं मुंबईतलं पहिलं वर्ष, पण टीमच्या कण्याला त्यांची पद्धत आधीपासून पाठ. नव्या नोकरीत जुनी टीम सोबत घेऊन जॉइन होण्यासारखंच झालं हे.

सीझन कोविडचा होता. सगळ्या मॅच गोव्यात, बायो-बबलमध्ये, रिकाम्या स्टेडियममध्ये. आपण सगळे मोबाइलवर बघत होतो. पहिलीच मॅच नॉर्थईस्ट युनायटेडशी झाली, जाहूला रेड कार्ड मिळालं आणि मुंबई ०-१ हरली. त्या रात्री कोणी निकाल लावला असता तर? पण पुढे २० मॅचमध्ये ४० पॉइंट झाले. एटीके मोहन बागानचेही ४० च होते, पण २८ फेब्रुवारी २०२१ ला त्यांनाच २-० हरवून मुंबईने शील्ड घेतली. १३ मार्चला फातोर्ड्यात फायनल झाली, समोर परत तेच. १-१ असताना ९० व्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल केला. शील्ड आणि ट्रॉफी एकाच सीझनला घेणारा आयएसएलमधला पहिला क्लब म्हणजे आपली मुंबई.

पहिल्या वर्षाला मार्क द्यायचे तर दहापैकी दहा. कोणाला शंकाच नव्हती. आणि मग ऑक्टोबर २०२१ मध्ये, नवा सीझन तोंडावर आलेला असताना, लोबेरा ग्रुपमधल्याच दुसऱ्या कामासाठी क्लब सोडून गेले.

बकिंगहॅम यांचं ‘फेल’ वर्ष

८ ऑक्टोबर २०२१ ला जाहीर झालं, की नवे कोच डेस बकिंगहॅम. वय ३६. ऑक्सफर्डचा माणूस, ऑस्ट्रेलियात मेलबर्न सिटीमध्ये असिस्टंट कोच होता. पहिली मॅच २२ नोव्हेंबरला. म्हणजे हातात दीड महिना.

आता त्यांच्या हातात काय आलं ते बघू. बूमूस गेला मोहन बागानला. गोलकीपर आणि कॅप्टन अमरिंदर सिंग, तोही तिकडेच. ओगबेचे गेला हैदराबादला, आणि तिथे त्याने त्या सीझनला १८ गोल मारले, लीगमध्ये सगळ्यात जास्त. हैदराबादने ट्रॉफीसुद्धा जिंकली. बदल्यात आपल्याकडे गोव्याचा इगोर अंगुलो आला होता आणि नॉर्थईस्टचा तरुण अपुया. चांगले खेळाडू, पण ही खरेदी बकिंगहॅम येण्याआधीच झालेली होती.

सुरुवात कशी झाली? झकास. गोव्याला ३-०. दुसऱ्या मॅचला हैदराबादकडून हरलो, पण १ डिसेंबरला मोहन बागानला ५-१ मारलं. लोक म्हणाले, लोबेरा कोण? मग डिसेंबरच्या उत्तरार्धात केरळ ब्लास्टर्सने ०-३ हरवलं आणि गाडी रुळावरून उतरली. जानेवारीभर विजय मिळेना. लोक म्हणाले, लोबेरा कुठे? शेवटच्या मॅचला परत हैदराबाद, १-२ हार. २० मॅचमध्ये ३१ पॉइंट, पाचवा नंबर, प्लेऑफ नाही. गतविजेता क्लब पहिल्या चारातसुद्धा नाही.

ग्रुपवर काय चाललं असेल ते सांगायला नको. ‘बकिंगहॅम हटाव’ वगैरे. माझा एक मित्र अकाउंट्सवाला आहे, तो म्हणाला, “बॅलन्सशीट बघ, चाळीसचे एकतीस झाले, विषय संपला.”

पण बॅलन्सशीटमध्ये एकच ओळ वाचून चालत नाही. त्याच टेबलमधला गोलांचा रकाना बघा. लोबेरांच्या वर्षात मुंबईने ३५ गोल केले होते. बकिंगहॅमच्या पहिल्या वर्षात ३६. ओगबेचे आणि बूमूस गेल्यावरही पुढची फळी आटली नव्हती! फरक मागे पडला. आधीच्या वर्षी आपल्यावर १८ गोल झाले होते, आता ३१ झाले. म्हणजे आजार कुठे आहे ते त्याच टेबलमध्ये लिहिलेलं होतं. पण पाचवा नंबर बघितल्यावर पुढचा रकाना वाचतो कोण?

आणि सीझन अजून संपला नव्हता. लोबेरांच्या शील्डमुळे मुंबईला एशियन चॅम्पियन्स लीगचं तिकीट मिळालं होतं. एप्रिल २०२२, रियाध. पहिली मॅच सौदीच्या अल शबाबशी, ०-३ हार. दुसरी, ११ एप्रिलला, इराकच्या एअर फोर्स क्लबशी. हा क्लब म्हणजे इराकचा चॅम्पियन, २०१६ ला एएफसी कपच्या फायनलमध्ये बेंगळुरू एफसीला हरवणारा. त्यांनी आधी गोल केला. मग ७० व्या मिनिटाला दिएगो मॉरिसिओने पेनल्टीवर बरोबरी केली आणि पाचच मिनिटांनी कॉर्नरवर हेडर मारला राहुल भेकेने. राहुल भेके, आपला मुंबईचा पोरगा! २-१. भारतातल्या कोणत्याही क्लबने एशियन चॅम्पियन्स लीगमध्ये जिंकलेली ती पहिली मॅच.

पुढे यूएईच्या अल जझीराशी ०-० बरोबरी झाली, परतीच्या मॅचला त्यांच्याकडून ०-१ हार, अल शबाबकडून ०-६ असा मार खाल्ला, आणि शेवटी एअर फोर्स क्लबला परत १-० हरवलं. सहा मॅचमध्ये सात पॉइंट आणि ग्रुपमध्ये दुसरा नंबर.

आता सांगा. भारतात पाचवा आलेला कोच त्याच सीझनला आशियाच्या ग्रुपमध्ये दुसरा येतो. हे वर्ष पास की नापास? माझं म्हणणं असं, की तेव्हा त्याचं उत्तर देता येत नव्हतं आणि द्यायची घाईही नव्हती. कोर्टात यासाठी छान शब्दप्रयोग आहे : निकाल राखून ठेवला. सुनावणी झाली, पुरावा ऐकला, निकाल नंतर.

सुदैवाने क्लबने बकिंगहॅम यांना ठेवलं. २०२२-२३ : २० मॅच, १४ विजय, ४६ पॉइंट. तोपर्यंतच्या आयएसएलमधला रेकॉर्ड. गोल केले ५४, खाल्ले २१. लागोपाठ १८ मॅच हार नाही. जानेवारी २०२२ मध्ये, म्हणजे त्या ‘फेल’ वर्षाच्या मध्यात, चेन्नईहून आणलेला लालियनझुआला छांगटे या वर्षी भारतीय फुटबॉल महासंघाचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. फेल वर्षात पेरलेलं पास वर्षात उगवलं.

पण इथेही श्रेय सगळं बकिंगहॅम यांना देऊन मोकळं होऊ नका. या टीमचा कणा अजूनही जाहू आणि फॉल होते, लोबेरांनी आणलेले. बिपिन त्यांच्याही आधीपासूनचा. रियाधचं तिकीटही लोबेरांच्याच कमाईचं. वारसा म्हणजे नेहमी कर्जच असतं असं नाही, कधीकधी एफडीपण निघते. आणि एवढं करूनही ट्रॉफी नाहीच मिळाली. सेमीफायनलची पहिली लेग ७ मार्च २०२३ ला अंधेरीत होती. सुनील छेत्रीने हेडर मारला आणि सगळं स्टेडियम चिडीचूप. परतीची मॅच आपण २-१ जिंकलो, पण पेनल्टीत बेंगळुरूने ९-८ ने बाहेर काढलं. सीझनभराचा हिशोब आणि शेवटच्या दोन मॅचचा हिशोब वेगळा असतो, तो असा.

तीन टेबलं

यातून मला एक साधी पद्धत सुचते. कोचचं पहिलं वर्ष मोजायचं तर एक टेबल पुरत नाही, तीन लागतात. तो यायच्या आधीच्या वर्षाचं, त्याच्या पहिल्या वर्षाचं आणि त्याच्या नंतरच्या वर्षाचं. पहिल्यावरून कळतं त्याला काय मिळालं. दुसऱ्यावरून कळतं काय झालं. तिसऱ्यावरून कळतं, की झालं ते टिकाऊ होतं का.

ही पद्धत उलटीही लावता येते. कोच गेल्यावरचं वर्ष बघा. आणि इथे मुंबईच्या फुटबॉलचा एक किस्सा सांगायलाच हवा, कारण तो जिव्हारी लागणारा आहे.

मुंबई सिटीच्या आधी आय-लीगमध्ये मुंबई एफसी नावाचा क्लब होता. कूपरेजवाला. २००९ पासून त्याचे कोच होते खालिद जमील. पैसा कमी, मोठी नावं नाहीत. सात वर्षं त्यांनी ती टीम वरच्या लीगमध्ये टिकवली. ट्रॉफी नाही, झगमगाट नाही. टेबलमध्ये कुठेतरी खालच्या बाजूला. बघणारा म्हणणार, ठीकठाक कोच आहे. २०१६ ला क्लबने त्यांना जाऊ दिलं.

खालिद गेले मिझोरमला, ऐझॉल एफसीकडे. ही टीम त्याआधीच्या सीझनला खाली घसरून बाहेर पडलेली. गोव्याच्या क्लबांनी लीग सोडली म्हणून तिला परत घेतलं होतं. जयेश राणे, आशुतोष मेहता यांच्यासारखे मुंबईत खेळलेले खेळाडू त्यांच्यासोबत तिथे होते. आणि पहिल्याच सीझनला, ३० एप्रिल २०१७ ला, ऐझॉल आय-लीगची चॅम्पियन झाली. ऐझॉल ३७ पॉइंट, मोहन बागान ३६. ईशान्य भारतातल्या क्लबने देशाची लीग पहिल्यांदाच जिंकली.

त्याच सीझनला, खालिद यांच्याशिवाय खेळणारी मुंबई एफसी शेवटची आली आणि लीगबाहेर फेकली गेली.

सात वर्षं टेबलमध्ये जे ‘ठीकठाक’ दिसत होतं त्याची किंमत आठव्या वर्षी कळली. भिंत पडल्यावर कळतं छत कशावर उभं होतं. हे खालिद जमील ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या राष्ट्रीय टीमचे कोच झाले. मुंबई एफसी मात्र परत वर आलीच नाही.

मग कोणालाच जबाबदार धरायचं नाही का?

इथे अकाउंट्सवाला मित्र मला पकडतो. तो म्हणतो, “तुझ्या हिशोबाने प्रत्येक कोच म्हणणार, पुढच्या वर्षी बघा. मग काढायचं कोणाला?” मुद्दा बरोबर आहे. तीन टेबलांची पद्धत ही माफीची योजना नाही. गिमारेस आणि कोस्टा यांना तीच पद्धत लावा. पहिलं वर्ष चांगलं, दुसरं घसरलेलं. तिथे दुसऱ्या वर्षानेच त्यांच्या विरोधात साक्ष दिली. पेत्र क्रात्की यांचंही बघा. बकिंगहॅम गेल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये ते आले, ४ मे २०२४ ला सॉल्ट लेकवर मोहन बागानला ३-१ हरवून ट्रॉफी घेतली. अर्ध्या सीझनमध्ये ट्रॉफी! पुढच्या पूर्ण सीझनला सहावा नंबर आणि प्लेऑफमध्ये बेंगळुरूकडून ०-५.

जगातही दोन्ही बाजूंचे पुरावे आहेत. पेप गार्डिओला यांचं मँचेस्टर सिटीतलं पहिलं वर्ष, २०१६-१७ : तिसरा नंबर, ७८ पॉइंट, एकही ट्रॉफी नाही. दुसऱ्या वर्षी १०० पॉइंट. त्याच २०१६-१७ ला अँटोनिओ काँटे यांनी चेल्सीला पहिल्याच वर्षी चॅम्पियन केलं, दुसऱ्या वर्षी पाचवा नंबर आणि नारळ. एकाच लीगमध्ये, एकाच वर्षी आलेले दोघे, आणि पहिल्या वर्षाचा निकाल दोघांबद्दलही उलटाच अंदाज देत होता. सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांच्यापुढे तर माझी तीन टेबलंही कमी पडतात. नोव्हेंबर १९८६ ला ते मँचेस्टर युनायटेडला आले तेव्हा टीम २२ पैकी २१ वी होती. त्या सीझनला ११ वी आली, पुढच्या वर्षी दुसरी, त्याच्या पुढच्या वर्षी परत ११ वी. पहिली ट्रॉफी आली १९९० मध्ये.

मग आज, तिसरं टेबल अजून लिहिलंच गेलेलं नसताना, आपण काय बघायचं? मी तीन गोष्टी बघतो. एक, कोच कधी आला आणि टीम कोणी विकत घेतली. दीड महिना मिळालेल्या माणसाला आणि स्वतःचे खेळाडू घेऊन आलेल्या माणसाला एकच पेपर देऊ नये. दोन, टीम नेमकी कुठे हरतेय. गोल होत नाहीत की गोल खाल्ले जातायत? एकाच जागी दुखत असेल तर इलाज सोपा असतो. सगळीकडूनच गळत असेल तर मात्र काळजी. तीन, मधल्या काळात त्याने कोणाला आणलं, कोणाला उभं केलं. एखादा छांगटे दिसतोय का? या तिन्हींची उत्तरं वाईट असतील तर खुशाल काढा. पहिल्याच वर्षी काढा. पण कारण सांगून काढा. ‘पाचवा आला’ हे कारण नव्हे, ती नुसती बातमी आहे.

हे मला एवढं का टोचतं ते सांगतो. माझ्या आधीच्या एका कंपनीत आमच्या टीमवर एक नवीन मॅनेजर आल्या होत्या. सोडून गेलेल्या माणसाचा दहा वर्षांचा जुना कोड त्यांच्या गळ्यात. त्यांनी पहिले सहा महिने फक्त ऑटोमेटेड टेस्ट लिहून घेतल्या. नवीन फीचर जवळजवळ शून्य. अ‍ॅप्रेझलमध्ये ‘डिलिव्हरी कमी’ असा शेरा आला, वर्ष संपायच्या आत त्या गेल्या. पुढच्या वर्षी आमच्या टीमचे रिलीज पहिल्यांदा वेळेवर गेले. कौतुक झालं पुढच्या मॅनेजरचं. ते काम कोणाचं होतं हे आम्हा सहा जणांना माहीत होतं, पण अ‍ॅप्रेझलच्या फॉर्ममध्ये ‘आधीच्या व्यक्तीचं योगदान’ असा रकाना नसतो. आपल्यापैकी कितीजण सध्या कुठेतरी पहिल्या वर्षात आहेत! प्रोबेशनवर, नव्या शहरात, कोणाच्या तरी जुन्या पसाऱ्यावर बसून. तुमचंही टेबल कोणीतरी वाचत असणार, आणि बहुतेक एकच रकाना वाचत असणार.

बकिंगहॅम यांचं पुढे काय झालं? नोव्हेंबर २०२३ मध्ये ते आपल्या गावच्या क्लबला, ऑक्सफर्ड युनायटेडला गेले. अर्धा सीझन हातात होता. १८ मे २०२४ ला वेम्बलीवर प्लेऑफ फायनलमध्ये बोल्टनला २-० हरवून त्यांनी क्लबला वरच्या डिव्हिजनमध्ये नेलं. आणि त्या वरच्या डिव्हिजनच्या पहिल्याच सीझनला, १५ डिसेंबर २०२४ ला, क्लबने त्यांना काढून टाकलं. सात महिने पुरले नाहीत. मुंबईने त्यांना पाचव्या नंबरनंतर जे दुसरं वर्ष दिलं, ते त्यांच्याच गावात त्यांना मिळालं नाही.

म्हणून २०२२ च्या उन्हाळ्यात मुंबई सिटीच्या ऑफिसात कोणीतरी ‘थांबू या’ म्हणालं असेल, तर ४६ पॉइंटमधले थोडे त्याच्याही नावावर लिहायला हवेत.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या मते आयएसएलमध्ये सगळ्यात अन्याय झालेला पहिला सीझन कोणाचा, ते नक्की कळवा, पुढच्या एपिसोडला त्यावर बोलू. गोव्याकडच्या मंडळींनी लोबेरांबद्दल भांडायचं असेल तर जरूर भांडा, फक्त तीन टेबलं घेऊन या. भेटू लवकरच. तोवर विरार फास्टला दारात लटकू नका, आत या.